खाड्यांनी राखलेला रस्ता

दिवाळी सरली की फरीदाबाद आणि एकूणच राजधानी परिसरातील सायकलस्वारांपुढे दरवर्षी तोच प्रश्न उभा राहतो. हिवाळा हा वास्तविक सायकलीचा ऋतू. परंतु उत्तरेच्या मैदानात नेमक्या याच काळात धूर आणि धुके एकत्र साकळतात आणि पहाटेची जी हवा छातीभर घ्यावी, तीच अपायकारक ठरते. ऐन थंडीत सायकल घरात आणि सायकलस्वार खिडकीत, असे काहीसे विपरीत चित्र मग दिसू लागते. त्याच आठवड्यांत, रेल्वेने एका दिवस-रात्रीच्या अंतरावर, कोकणच्या किनाऱ्यावर आकाश निवळलेले असते, भातकापणी उरकलेली असते, सड्यांवरील गवत सोनेरी झालेले असते आणि किनाऱ्याने जाणारा रस्ता बराच वेळ सायकलस्वाराच्या एकट्याच्या मालकीचा असतो.

युरोपात अशा प्रवासाची ओढ भूमध्य समुद्राच्या डोंगराळ किनाऱ्यांकडे असते. इटलीचा लिग्युरिया, फ्रान्सच्या नीस शहराजवळील कड्यांवरून जाणारे रस्ते, क्रोएशियाचा दाल्मेशिया ही त्यांची आवडती ठिकाणे होत. स्पेनमधील कादिझपासून सायप्रसपर्यंत जाणारा ‘युरोव्हेलो ८’ हा दीर्घ सायकलमार्ग या सागराच्या काठाकाठाने आखलेला आहे. एका बाजूस समुद्र, दुसऱ्या बाजूस डोंगर, मधल्या अरुंद पट्टीत बंदरे आणि बागायती, आणि दर काही मैलांवर एक चढ अन् एक उतार, ही त्या मार्गांची घडण. महाराष्ट्राच्या वाचकास ती अपरिचित वाटू नये. ऑलिव्हच्या जागी आंबा आणि द्राक्षमळ्यांच्या जागी पोफळीची वाडी कल्पिली की अलिबाग ते रत्नागिरी हा प्रदेश डोळ्यांपुढे येतो.

शांततेचे कारण

निवांत रस्ता म्हणजे केवळ नशिबाने मिळालेला रिकामा रस्ता नव्हे. वाहने जेथे जात नाहीत, तेथे ती का जात नाहीत याला कारण असते. ते समजून घेतले तर प्रवासाची आखणी सोपी होते आणि ही शांतता किती दिवस टिकेल याचाही अंदाज बांधता येतो.

कोकणात हे कारण म्हणजे खाड्या. सह्याद्रीवरून उतरणाऱ्या नद्या लांबीने आखूड असल्या तरी समुद्राला मिळताना रुंद खाड्यांचे रूप घेतात. रोह्याकडून येणारी कुंडलिका रेवदंड्यापाशी, सावित्री बाणकोटपाशी, वाशिष्ठी दाभोळपाशी आणि शास्त्री जयगडपाशी समुद्रास मिळते. मुंबई-गोवा महामार्ग आखला गेला तो या खाड्यांच्या वरच्या अंगाने, जेथे नदीचे पात्र अरुंद असून पूल बांधणे सोपे होते. साहजिकच मालट्रक, प्रवासी बसगाड्या आणि घाईची सर्व वाहने महाड, खेड, चिपळूण, संगमेश्वर या आतल्या वाटेने धावू लागली. किनाऱ्याचा रस्ता खाडीपाशी येऊन थांबे. पलीकडचे गाव डोळ्यांना दिसे, तेथील देवळाची घंटाही ऐकू येई. परंतु गाडीने तेथे पोहोचण्यास शंभर किलोमीटरच्या घरातील वळसा पडे. खाडीने अशा रीतीने गावे एकमेकांपासून तोडली आणि त्याबरोबर गर्दीही अडविली.

सायकलस्वाराला मात्र खाडी आडवी आली नाही. होडीत सायकल आडवी टाकून पैलतीर गाठण्याची सोय पूर्वीपासून होतीच. पुढे सुवर्णदुर्ग शिपिंग अँड मरीन सर्व्हिसेस या दाभोळच्या कंपनीने २००३ मध्ये दाभोळ–धोपावे ही मोटारी वाहून नेणारी फेरीबोट सुरू केली. कालांतराने वेश्वी–बागमांडला, दिघी–आगरदांडा, जयगड–तवसाळ अशा फेऱ्याही सुरू झाल्या. या सपाट तळाच्या बोटींना किनाऱ्यावरील माणसे ‘जंगलजेटी’ म्हणतात. बोट एका वेळी मोजकीच वाहने नेते, त्यामुळे पैलतीरी उतरलेल्या पाच-दहा गाड्या पुढे निघून गेल्या की पुढील फेरी येईपर्यंत रस्ता पुन्हा मोकळा होतो. अनुभवी सायकलस्वार याचा उपयोग करून घेतात. बोटीतून सर्वांत शेवटी उतरावे, धक्क्यावर चहा घ्यावा आणि गाड्या दूर गेल्यावर चढाला लागावे. पहिला चढ बहुधा धक्क्यालगतच सुरू होतो.

मुरूड ते मुरूड

मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून मांडव्यास जाणारी रो-रो बोट मार्च २०२० मध्ये सुरू झाली आणि या प्रवासाचा आरंभ फार सोपा झाला. साधारण तासाभरात सायकलस्वार महानगरातून थेट अलिबाग तालुक्यात उतरतो. (जानेवारी २०२४ मध्ये खुल्या झालेल्या अटल सेतूवर सायकलींना प्रवेश नाही, हे येथेच नमूद केलेले बरे.) अलिबाग, रेवदंडा, कोर्लई, काशीद, मुरूड हा पहिला टप्पा देखणा असला तरी मुंबईच्या जवळ असल्याने शनिवार-रविवारी येथे मोटारींची रांग लागते. तेव्हा प्रवास सोमवारी सुरू करावा, आणि नाताळ ते नववर्षाचा आठवडा पूर्णपणे वगळावा. कोर्लईच्या किल्ल्याखालून आणि पुढे फणसाड अभयारण्याच्या कडेने रस्ता मुरुडास येतो. जंजिरा किल्ल्याचे हे मुरूड.

खरा निवांत मार्ग आगरदांड्याची खाडी ओलांडल्यावर सुरू होतो. दिघीहून दिवेआगर आणि तेथून भरडखोल, शेखाडी, कोंडिविली, आरावी करीत श्रीवर्धन. या पंचवीसेक किलोमीटरांत रस्ता कधी लाटांच्या तुषारांत येतो, तर कधी कड्यावर चढून समुद्राला पायाखाली घालतो. महाराष्ट्रात समुद्राला इतके बिलगून आणि इतका वेळ जाणारे रस्ते थोडेच असतील. येथे अंतराचा हिशेब ठेवू नये. पेशवे बाळाजी विश्वनाथ यांच्या श्रीवर्धनात मुक्काम करून दुसऱ्या दिवशी हरिहरेश्वरमार्गे बागमांडला गाठावे.

बागमांडल्याच्या धक्क्यावर उभे राहिले की समोर बाणकोटचा किल्ला दिसतो. सावित्रीची ही खाडी रायगड आणि रत्नागिरी या दोन जिल्ह्यांची सीमा होय. बोट नसेल तर आंबेतच्या पुलापर्यंत आत जाऊन परत यावे लागते. खाडीपलीकडे वेळास हे नाना फडणविसांचे गाव आहे. फेब्रुवारीपासून पुढे काही आठवडे येथील वाळूत ऑलिव्ह रिडले जातीच्या कासवांची पिल्ले अंड्यांतून बाहेर पडून समुद्राकडे निघतात. सह्याद्री निसर्गमित्र ही चिपळूणची संस्था आणि वेळासचे ग्रामस्थ यांनी मिळून ही अंडी राखण्याचे काम उभे केले. पिल्ले पाहण्यास येणाऱ्यांची सोय गावातील घरांतच होते. प्रवासी येथे पाहुणा म्हणून उतरतो आणि यजमानीणबाईंच्या हातचे घावन खाऊन निघतो.

पुढे केळशी, आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती आणि हर्णै. हर्णैच्या बंदरात मासळीचा लिलाव भरतो. समोर सुवर्णदुर्ग, काठावर डाल्या आणि बैलगाड्या, आणि बोली लावणाऱ्यांचा गलका असे ते दृश्य सायकल बाजूस उभी करून पाहण्याजोगे असते. हर्णैपासून थोड्याच अंतरावर दुसरे मुरूड लागते. नकाशात एकाच नावाच्या या दोन गावांमुळे नवख्यांचा गोंधळ होतो, त्यामुळे मुक्काम ठरविताना तालुका विचारून घ्यावा. हे दापोली तालुक्यातील मुरूड म्हणजे महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे गाव. शालेय वयात एका परीक्षेसाठी कर्वे या गावाहून सह्याद्री ओलांडून साताऱ्यापर्यंत पायी गेले होते. तेथे पोहोचल्यावर वय लहान दिसते म्हणून त्यांना परीक्षेस बसू दिले गेले नाही. येथील चढ चढताना दमलेल्या सायकलस्वारास ही हकीकत आठवली तर त्याची तक्रार पुष्कळ कमी होईल.

कर्दे, लाडघर, कोळथरे करीत दाभोळ येते. फेरीबोटीने धोपावे गाठले की अंजनवेलच्या वीजप्रकल्पाच्या बाजूने गुहागर आणि पुढे वेळणेश्वर, हेदवी, तवसाळ. पुन्हा बोट, मग जयगड आणि केशवसुतांचे जन्मगाव मालगुंड. गणपतीपुळ्यापासून आरे-वारेमार्गे रत्नागिरीपर्यंतचा शेवटचा भाग सुंदर असला तरी येथे गर्दीची गाठ पडते. तो पहाटे उरकावा. मांडवा ते रत्नागिरी हे सारे अंतर साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास भरते आणि त्यासाठी सात-आठ दिवस हाती असावेत. रत्नागिरीच्या दक्षिणेस पावस, कशेळी, जैतापूर, देवगड, कुणकेश्वर, आचरा, मालवण असा हाच मार्ग रेडीपर्यंत जातो. तिकडे पूल अधिक असल्याने बोटी कमी लागतात. तो स्वतंत्र सुट्टीचा विषय आहे.

चढाचे गणित

‘दिवसाला पन्नासच किलोमीटर?’ असे मैदानात सायकल चालविणाऱ्यास वाटणे स्वाभाविक आहे. फरीदाबादहून मथुरेच्या दिशेने निघालेला मनुष्य तेवढे अंतर न्याहारीपूर्वी कापू शकतो. कोकणात ते जमत नाही, याचे कारण भूरचनेत आहे. किनाऱ्यालगत जांभ्या दगडाचे सडे आहेत. समुद्रापासून त्यांची उंची साधारण शंभर ते दोनशे मीटर. गावे खाली खाडीच्या तोंडाशी किंवा पुळणीमागे, आणि एका गावाहून दुसऱ्या गावी जाणारा रस्ता मधल्या सड्यावरून. म्हणजे प्रत्येक गावाबाहेर चढ आणि प्रत्येक गावात शिरताना उतार. दिवसातून असे चार-पाच वेळा घडले की चढण्याची बेरीज एखाद्या मोठ्या घाटाएवढी होते.

हिशेब करून पाहू. स्वार, सायकल आणि सामान मिळून वजन शंभर किलो धरले आणि रस्ता शंभर मीटरांत आठ मीटर चढत असला, तर ताशी सहा किलोमीटर इतक्या मंद गतीसाठीही सुमारे १३० ते १४० वॅट शक्ती सतत लावावी लागते. सर्वसाधारण प्रकृतीचा मनुष्य अर्धा तास टिकवू शकेल अशी ही जवळजवळ मर्यादा आहे. दीडशे मीटर उंचीचा सडा चढण्यास या गतीने वीस मिनिटे लागतात. आता गिअरचा प्रश्न. सोनीपत येथे १९५१ मध्ये सुरू झालेल्या ॲटलाससारख्या कारखान्यांनी घरोघरी पोचविलेल्या साध्या सायकलीत पायडलाच्या एका फेऱ्याबरोबर मागचे चाक जवळपास अडीच वेळा फिरते. ताशी सहा किलोमीटर गतीस तिच्या पायडलाचे मिनिटाला जेमतेम वीस फेरे होतात, आणि प्रत्येक फेरा म्हणजे जिना चढण्यासारखे दाबणे. गुडघे त्याला फार वेळ साथ देत नाहीत. पुढच्या चकतीचे दाते मागच्या चकतीच्या दात्यांइतके किंवा त्याहून कमी असलेला गिअर घेतला तर त्याच गतीस पायडलाचे फेरे मिनिटाला पन्नास-साठ होतात आणि तोच चढ बसून, श्वास न तुटता चढता येतो. सायकल निवडताना किमतीपेक्षा हा एकच आकडा विचारावा. साध्या सायकलीनेही प्रवास होतो, मात्र चढावर ती हाताने ढकलावी लागेल, आणि त्यात कमीपणा वाटण्याचे कारण नाही.

उताराची काळजी अधिक. कोकणातील उतार आखूड पण वळणांचे असतात, आणि वळणापलीकडे एस.टी. किंवा गुरे असू शकतात. निघण्यापूर्वी ब्रेकचे गुटके नवे बसवावेत.

दिशेचाही विचार हवा. हिवाळ्यात या किनाऱ्यावर सकाळी वारा जमिनीकडून येतो आणि दुपारनंतर तो समुद्रावरून, बहुधा वायव्येकडून वाहतो. उत्तरेकडून दक्षिणेकडे जाणाऱ्यास दुपारी तो पाठीशी मिळतो. शिवाय आपल्याकडे वाहने डावीकडून चालतात, त्यामुळे दक्षिणेस जाताना सायकल डोंगराच्या बाजूने राहते आणि कडा रस्त्याच्या पलीकडच्या अंगास. दृश्य किंचित दूर जाते, पण सुरक्षितता वाढते.

पूल येत आहेत

बॅ. अ. र. अंतुले हे १९८० ते १९८२ या काळात मुख्यमंत्री असताना किनाऱ्याने जाणाऱ्या सलग सागरी महामार्गाची कल्पना पुढे आली. आंबेत हे त्यांचे गाव. खाडीकाठच्या माणसाला वळशाचे दुःख सांगावे लागत नाही. रेवस ते रेडी असा सुमारे पाचशे किलोमीटरांचा हा मार्ग पुढे प्रमुख राज्य महामार्ग क्रमांक ४ म्हणून नकाशावर आला, परंतु मोठ्या खाड्यांवरील पूल रेंगाळले. बागमांडला आणि वेश्वी यांच्यामधील पुलाचे काम सुरू होऊन वर्षानुवर्षे अर्धवट राहिले. अलीकडच्या वर्षांत महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाने रेवस–करंजा, आगरदांडा, दाभोळ, जयगड अशा खाड्यांवरील पुलांचे काम हाती घेतले आहे.

हे पूल झाले पाहिजेत, याबद्दल दुमत असू नये. बाळंतपणासाठी रात्री रुग्णालय गाठणाऱ्या घराला बोटीचे वेळापत्रक सांगून चालत नाही, आणि आंबा-मासळीच्या व्यापाऱ्याला प्रत्येक तास मोलाचा असतो. सायकलस्वारांच्या शांततेसाठी गावांनी अडून राहावे, ही अपेक्षा अन्यायाची आहे. मात्र ज्या खाडीने गर्दी अडविली होती तिच्यावर पूल होताच ती गर्दी किनाऱ्याच्या अरुंद रस्त्यावर येईल, हेही तितकेच खरे. शेखाडीच्या कड्यावरील रस्ता दोन मोटारी कशाबशा जातील एवढा. तो रुंद करायचा तर कडा फोडावा लागेल.

येथे भूमध्य किनाऱ्याचा अनुभव उपयोगी पडतो. लिग्युरियात जेनोवाहून फ्रान्सच्या सीमेकडे जाणारा एकेरी लोहमार्ग समुद्राला खेटून होता. २००१ मध्ये सान लोरेंझो ते सानरेमो या भागातील मार्ग बोगद्यांतून आत नेण्यात आला. मोकळी झालेली किनाऱ्याची पट्टी विकून टाकण्याऐवजी तेथे सुमारे चोवीस किलोमीटरांचा सायकलमार्ग करण्यात आला आणि जुन्या बोगद्यांतूनही तो नेण्यात आला. नीसजवळ तर समुद्रापासून वेगवेगळ्या उंचीवर तीन समांतर रस्ते आहेत. घाईची वाहने त्याहून आतील द्रुतगती मार्गाने जातात, आणि सर्वांत वरच्या जुन्या रस्त्यावर सायकलस्वारांना पुष्कळ मोकळीक मिळते. मोठा रस्ता आला म्हणजे लहान रस्ता संपलाच पाहिजे, असे त्यांनी मानले नाही. कोकणातही पुलांना जोडणारा नवा रस्ता सड्यावरून आत नेऊन गावांतून जाणारा जुना रस्ता आहे तसा ठेवणे शक्य आहे. पुलांवर सायकल आणि पादचारी यांसाठी कठडा घातलेली पट्टी ठेवणे तर आराखड्याच्या टप्प्यावर फारसे खर्चाचे नाही. नंतर मात्र ते जवळपास अशक्य होते.

यात गावांचे हितही आहे. मोटारीने आलेले कुटुंब एका मोठ्या ठिकाणी उतरते आणि परत जाते. सायकलस्वाराला दर पंधरा किलोमीटरांवर थांबावेच लागते. आठ दिवसांत तो आठ गावांत राहतो, वीस ठिकाणी शहाळे, सोलकढी किंवा चहा घेतो, आणि त्याला लागते ती वातानुकूलित खोली नव्हे, तर स्वच्छ न्हाणीघर आणि पोटभर जेवण. घरगुती निवास-न्याहारी चालविणाऱ्या कुटुंबाला असा पाहुणा परवडतो.

फरीदाबादमधील तयारी

शहराच्या पश्चिमेस अरवलीची टेकाडे आहेत. दहाव्या शतकात तोमर राजवटीत बांधले गेलेले सूरजकुंड, बडखल आणि मांगर या परिसरातील रस्त्यांवर चढ लहान, परंतु वारंवार येणारे आहेत, आणि कोकणसाठी हाच सराव हवा. रविवारी पहाटे निघावे आणि जड वाहनांचा गुरगाव–फरीदाबाद रस्ता शक्यतो टाळावा. सरावाचा काळ पाऊस संपल्यापासून दिवाळीपर्यंतचा. त्यानंतर हवा साथ देत नाही. शेवटच्या दोन रविवारी प्रवासात न्यायचे सर्व सामान कॅरिअरवर बांधूनच निघावे, कारण दहा किलो वजनाने सायकलीचा तोल आणि ब्रेकचे अंतर दोन्ही बदलतात.

सायकल रेल्वेने नेताना ती पार्सल कार्यालयात वेळेपूर्वी पोहोचवून, प्रवासाच्या तिकिटावर ब्रेकव्हॅनमध्ये नोंदवावी लागते. हँडल व गिअरचा भाग पुठ्ठ्याने बांधावा, पायडल काढून ठेवावेत, आणि नाव, फोन क्रमांक व उतरण्याचे स्थानक लिहिलेली चिठ्ठी दोन ठिकाणी बांधावी. जाताना निजामुद्दीनहून मुंबईची कोणतीही सोयीची गाडी चालते. परतीसाठी रत्नागिरीहून निजामुद्दीनला येणारी मंगला एक्स्प्रेस सोयीची आहे. सायकल चढविण्यास पुरेसा थांबा लहान स्थानकांवर नसतो, त्यामुळे वाटेत कोठेही प्रवास आवरता घ्यावा लागला तरी सायकल रत्नागिरी किंवा चिपळूणसारख्या मोठ्या स्थानकावरच आणावी. पंक्चर काढण्याचे साहित्य, दोन ट्यूब आणि हवा भरण्याचा पंप बरोबर असावा. दाभोळ ते गुहागर या पट्ट्यात साध्या सायकलीचे दुकान सापडते, पण बारीक टायरची ट्यूब तेथे मिळेलच असे नाही. बहुतेक खानावळींत मोबाइलवरून पैसे देता येतात. मात्र कड्याआडच्या गावांत संदेशवहन अधूनमधून तुटते. तेव्हा शंभर-पन्नासच्या थोड्या नोटा पावसाळी पिशवीत गुंडाळून जवळ ठेवाव्यात. फेरीबोटीच्या खिडकीवर सुटे पैसे दिले तर रांगही लवकर सरकते.